धोंड्याच्या महिन्यातली हार्ड डिस्क

“ह्याला भोक कुठाय?”

माझ्या बायकोनं असं विचारलं आन दुकानदार हातातली वस्तू तशीच धरून आमच्याकडं बघत राहिला. सांगलीतलं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. आत थंडगार, फरशी अशी चकचकीत की चप्पल बाहेर काढावी का घालून जावं ह्यातच आमचा दारात थोडा वेळ गेलेला. दुकानदाराचं नाव इरफान मुजावर. तिशीतला गडी, बोलायला लई गोड. त्यानं आमच्यासमोर काचेवर एक हिरवी पट्टी काढून ठेवली होती. अंगठ्याएवढी रुंद, मधल्या बोटाएवढी लांब आन पापडावानी पातळ.

“काकू, ही एसएसडी आहे, नव्या पद्धतीची हार्ड डिस्क. हिला कशाला भोक असेल?”

“मग न्हाई चालायची,” बायको म्हणली. “दुसरं दाखवा.”

“पण भोक कशाला पाहिजे?”

“जावयाला द्यायचीय. धोंड्याचा महिना चाललाय न्हवं?”

इरफाननं माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हणलं, आता ह्याला सगळंच सांगाय पायजे.

“आमच्यात अधिक महिना आला की लेक-जावयाला जेवाय बोलवत्यात,” मी म्हणलं. “पुरणाचं धोंडं करून घालायचं आन जावयाला वाण द्यायचं. अनारसं, बत्तासं, म्हैसूरपाक. समदं जाळीचं, भोकं पडलेलं. भोक नसंल तर ते वाणात धरत न्हाईत.”

“का?”

“का ते मला काय म्हाईत. माझ्या सासूनं मला दिलं, मी खाल्लं.”

इरफान हसाय लागला. मी पण हसलो. माझा सगळा जन्म बोअरच्या गाडीवर गेलेला. विट्यापासनं जतपर्यंत जमिनीला भोकं पाडून मी पोट भरलं, आन आज माझी बायको सांगलीत येऊन भोक शोधत होती.

झालं असं होतं, की आठवडाभर आधी आमच्या वैजूचा पुण्यासनं फोन आला. वैजू म्हंजे आमची एकुलती एक लेक, वैजयंता. पुण्यात एका पतपेढीत कामाला. मी त्या दिवशी तासगावच्या बाजूला एका मळ्यात होतो.

“आबा, एकटे आहात का?”

“शंभर माणसं जमल्यात बोअर बघायला. बोल.”

“बाजूला जा ना जरा.”

मी बांधावर जाऊन उभा राहिलो.

“सुजयची नोकरी गेलीय,” ती म्हणली. “कंपनीच बंद पडली. बरेच महिने झाले. तुम्हाला सांगायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं.”

सुजय म्हंजे आमचा जावई. कॉम्प्युटरवरच्या खेळातली गावं, डोंगर, रस्ते बनवायचं त्याचं काम. लगीन होऊन दोन वर्सं झालेली, पण त्या गड्याचं आन माझं बोलणं म्हंजे ‘बरं आहे’, ‘हो’ आन ‘नको’. आला की कोपरा धरून बसायचा. मांडीवर तो गेमिंग लॅपटॉप, त्याच्या खालनं तांबडा-निळा उजेड. शेजारचा शिवमूर्ती मला एकदा विचारत होता, “जावई आर्केस्ट्रात हाय का?”

“मग आता?” मी वैजूला विचारलं.

“हैदराबादच्या एका कंपनीनं परीक्षेसाठी काम दिलंय. एक अख्खं गाव बनवून पाठवायचं. चांगलं झालं तर नोकरी. सोमवारी सकाळी द्यायचंय. आणि आबा, लॅपटॉप भरलाय. जागाच उरली नाही. शेवटचं सगळं एकत्र करायला गेला की अर्ध्यात बंद पडतंय. दुसरी हार्ड डिस्क आत बसवली तर होईल म्हणतो.”

“मग घ्या की एक.”

“माझ्या पगारातून घेऊ देत नाही. म्हणतो, घरभाडं तू भरतेस तेवढं बास. तुम्ही दिलेलं तर हातसुद्धा लावणार नाही.”

“आरं तिच्या. मग करायचं काय?”

वैजू जरा थांबली. लहानपणापासनं तिची ही सवय. थांबली की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजून तयार हाय.

“धोंड्याचं वाण त्याला नाही म्हणता येणार नाही,” ती म्हणली. “आम्ही शनिवारी येतोच आहोत. पण मी सांगितलं असं दाखवू नका. नोकरीचं तुम्हाला माहीतच नाही, बरं का.”

असं ते सगळं होतं. म्हणून आम्ही नवरा-बायको सांगलीत.

इरफाननं खालच्या कपाटातनं दुसरी एक डबी काढली. तळहाताएवढी, लोखंडी, चांगली जडशीळ.

“ही जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. आत चकती फिरते. हिला आहे बघा भोक. बारीक आहे, हवेसाठी.” त्यानं तिच्यावरची इंग्रजी अक्षरं बोटानं दाखवली. “हे भोक झाकू नका, असं कंपनीनंच छापलंय.”

बायकोनं चष्मा लावला. डबी उजेडात धरून बघितली. तोंड असं फुललं तिचं!

“बघा!” मला म्हणली. “कंपनीलासुदिक कळतंय.”

“काका, एक मिनिट,” इरफान म्हणला. वैजूनं मला मोबाईलवर लॅपटॉपचं नाव धाडलं होतं, ते त्यानं परत वाचलं. “हे मॉडेल दोन प्रकारात येतं. एकात अशा डिस्कला जागा असते. दुसऱ्यात बॅटरीच मोठी असते, तिथं ही बसत नाही, फक्त पट्टी बसते. तुमच्या जावयांना विचारून घ्या ना.”

“त्यास्नी विचारायचं असतं तर आम्ही हितं कशाला आलो असतो?”

वैजूला फोन लावला. उचलंना. पतपेढीत गर्दीची वेळ.

“जागा कशात जास्त?” मी विचारलं.

“जागा ह्याच्यात जास्त. पण वेग पट्टीचा जास्त. कितीतरी जास्त.”

मी पट्टी एका हातात घेतली, डबी दुसऱ्या हातात. पट्टीला वजनच न्हवतं. जावयाच्या ताटात ठेवली तर अनारशाखाली सापडायची न्हाई. डबी कशी, दिल्यासारखी वाटत होती. जागा दांडगी, किंमत कमी, वर भोक. आन बसायचं म्हणाल तर मी बोअरात दोनशे फुटावर केसिंगचा पाइप बसवलेला माणूस.

“हीच बांधा,” म्हणलं.

“नाही बसली तर बिल घेऊन या, बदलून देतो,” इरफान म्हणला. “फक्त पॅकिंग फोडू नका.”

आता ह्यो माणूस गोड होता, पण त्याला आमच्या घरातली रीत काय ठावं? वस्तूला हळदी-कुंकू लावायचं तर ते कागदाला लावून चालतंय व्हय? शनिवारी सकाळी बायकोनं कात्री घेऊन पॅकिंग फोडलं, डबीला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं. मग मला हाक मारली.

“अवो, भोकावर न्हाई न्हवं लागलं?”

मी वाकून बघितलं. “न्हाई.”

“नीट बघा. झाकायचं न्हाई म्हणून लिवलंय.”

दुपारच्या आत लेक-जावई आले. सुजय नेहमीसारखाच. पाया पडला, ‘बरं आहे’ म्हणला, कोपरा धरला. पण गडी वाळला होता. आन आल्या आल्या लॅपटॉप उघडला. बायको मला खुणंनं म्हणली, बघा आल्यापासनं खेळत बसला. मी तिला खुणंनं म्हणलं, गप.

पाट मांडला, रांगोळी घातली, ओवाळलं. मग बायकोनं पितळंचं ताट आणलं. तेहतीस अनारसं, त्यावर दिवा, आन मधी ती डबी, नवरीवानी सजवलेली.

सुजयनं ताटाकडं बघितलं. मग वैजूकडं बघितलं. वैजू वर पंख्याकडं बघत होती. गड्याचं कान लाल झालं.

“मामा, हे…”

“वाण हाय,” बायको म्हणली. “वाणाला न्हाई म्हणत न्हाईत, जावईबापू.”

त्यानं मग दोन्ही हात पुढं करून ताट घेतलं, कपाळाला लावलं. वैजूनं पंखा सोडला आन माझ्याकडं बघून डोळा मारला. म्हणलं, जिंकली पोरीनं.

जेवण झालं. धोंडं, वर तुपाची धार, कटाची आमटी. बायका आत गेल्या. मी सोप्यात आडवा झालो, डोळ्यावर टॉवेल टाकून. पण टॉवेल पातळ होता आन मला झोप न्हवती.

सुजयनं पिशवीतनं बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. लॅपटॉप पालथा घातला, एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. खालचं झाकण उघडलं. डबी उचलली, आतल्या सामानावर धरली. आडवी धरली, उभी धरली. मग नुसताच बघत बसला. लई वेळ बसला. शेवटाला खिशातला रुमाल काढला आन डबीवरचं हळदी-कुंकू हळूच कडंला पुसून घेतलं, भोकात जाऊ नये म्हणून. डबी पिशवीत ठेवली. झाकण लावलं. स्क्रू पिळले.

ते तोंड मी वळखतो. बोअर कोरडी गेली की मळ्याच्या मालकाचं असं तोंड होतं. पाइप वर येत असतो, नुसता फुफाटा उडत असतो, आन भला माणूस असंल तर तोच तुम्हाला म्हणतो, राहू द्या, तुम्ही तरी काय करणार, चहा घ्या.

मी टॉवेल काढून उठून बसलो.

“बसली का, पाव्हणं?”

“हो मामा. छान बसली.”

हसून म्हणला बघा. मला वाईट वाटू नये म्हणून. सोमवारी सगळं हातचं जाणार हुतं, आन गडी माझं मन राखत बसला होता.

“बसली म्हणता,” मी म्हणलं, “मग ती पिशवीत काय घेऊन चाललाय?”

त्यानं पिशवी पायानं मागं सारली.

“हे बघा पाव्हणं. मी शिकलोय चौथी. तुमच्या त्या मशिनीतलं मला एक कळत न्हाई. पण माझ्या धंद्यातलं एक सांगतो. बोअर कोरडी गेली की मी मालकाला तोंडावर सांगतो. गाडी तिथनं हलायच्या आधी. मग तो शिव्या देऊ दे, न्हाईतर डोकं धरून बसू दे. पाणी हाय म्हणून सांगून निघून आलो, तर तो उद्या मोटार सोडंल त्यात. तुम्ही मला कोरड्या बोअरात पाणी हाय म्हणून सांगताय.”

सुजय स्क्रू-ड्रायव्हर बोटात फिरवत राहिला.

“नाही बसत,” तो म्हणला. “दुसरी जागा आहे आत. पण ती पट्टीची आहे. ह्याची नाही.”

“हां. आता कसं.”

“मामा, अजून एक.” त्यानं मान खाली घातली. “माझी नोकरी गेलीय.”

आता आली का पंचाईत! वैजूला मी शब्द दिलेला, मला ठावं न्हाई म्हणून. मी छातीवर हात मारला.

“अगं बाबौ! काय सांगताय काय! कवा?”

सैपाकघराच्या दारात वैजू उभी होती. तिनं कपाळावर हात मारला.

सुजयनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “वैजूनं सांगितलंय ना तुम्हाला?”

“…व्हय.”

“तुम्हाला अ‍ॅक्टिंग येत नाही, मामा.”

“तुम्हाला तरी कुठं येती?”

आधी तो हसला, मग मी. दोन वर्सांत पहिल्यांदा त्याचं दात मी बघितलं. वरचा एक दात जरा पुढं हाय त्याचा. बायको आतनं पळत आली, काय झालं म्हणून.

तिला सगळं सांगितलं. ती जी बसली खाली, ती म्हणली, “पट्टीच घ्याय पायजे हुती. मीच भोक भोक करत बसली.”

“तसं नाही मामी,” सुजय म्हणला. “मोठी आहे ही. उपयोगी पडेल मला.”

“सोमवारी पडंल का?” मी विचारलं.



त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. उघडून दाखवाय लागला, कुठं अडतंय ते. मी आपलं बघायचं म्हणून बघितलं. पडद्यावर नुसतं त्या गावाचं काम.

“आन खेळ कुठायत तुमचं? ते गोळ्या घालायचं?”

“सगळे काढून टाकले. जागा करायला. पहिल्यांदा तेच काढले.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. आल्यापासनं खेळत बसला म्हणणारी ती. आता तिच्या डोळ्याला पदर लागायची येळ झाली होती, म्हणून मी घाईनं म्हणलं, “चला, उठा. सांगलीला जाऊ. ही बदलून पट्टी आणू.”

“दिलेलं वाण परत घेत न्हाईत,” बायको म्हणली.

“आन तसंबी तू पॅकिंग फोडलंयस.”

“तुमीच बघितलं की वाकून!”

“मग दुसरी घेऊ. ही बी राहू दे, ती बी.”

“नको मामा,” सुजय म्हणला. आन आता त्याचा आवाज बदलला. हळूच बोलला, पण बोअरला काळा दगड लागला की कशी ठोक्याची भाषाच बदलती, तसा. “वाण एकदाच. तुम्ही दिलं, मी घेतलं. त्याच्यावर आणखी नको. मी काहीतरी करतो.”

“काय करताय?”

“कमी करतो. गावातली अर्धी घरं काढून टाकतो.”

“अर्धं गाव बघून नोकरी देत्यात व्हय कोण?”

बायको आपली पदराचं टोक पिळत बसली. सोप्यातली चार माणसं चार दिशेला बघत होती.

मग वैजू थांबली. म्हंजे हातातलं पातेलं पुसत होती, ते पुसायची थांबली.

“आई, माझी ओटी राहिलीय,” ती म्हणली.

“संध्याकाळी भरायचीय. दिवा लागल्यावर.”

“ओटीत भोक लागतं का?”

“कशाला लागंल? ओटीत नारळ, तांदूळ, खण.”

“मग माझ्या ओटीत पट्टी घाल.”

बायकोनं तोंडावर हात ठेवला. “अगं, लोक काय म्हणतील?”

“लोकांना कोण दाखवतंय?”

सुजय म्हणला, “वैजू, नको हां. मला कळतंय तू काय करतेस ते.”

“तुला कुणी देत नाहीये. ओटी माझी, ओटीतलं माझं. माझ्या आईबापानं मला दिलं. मग मी ते माझ्या नवऱ्याला वापरायला देईन नाहीतर फडताळात ठेवीन. तू माझा मिक्सर वापरतोस, तेव्हा कुठं विचारतोस?”

“मिक्सर वेगळा.”

“काय वेगळा? सकाळ-संध्याकाळ शेंगदाण्याची चटणी करतोस त्याच्यात.”

मी सुजयकडं बघितलं. “पाव्हणं, हितं माझंबी कवा चालत न्हाई. उठा, जीप काढतो.”

त्यानं लॅपटॉप मिटला. मग उठून पायात चप्पल सरकवली.

विट्यापासनं सांगली म्हंजे तासाची वाट. म्हणलं आता तासभर ‘हो’ आन ‘नको’ ऐकायचं. पण गडी गावाबाहेर पडल्यावर जो सुटला, तो सांगली येईस्तवर थांबला न्हाई. ते काम काय, कंपनी कुठली, गाव कसलं, त्या गावातल्या देवळावर सांजंचं ऊन कसं पाडायचं. निम्मं मला कळलं, निम्मं मी हूं म्हणून सोडलं.

“पण मला एक सांगा,” मी मधीच म्हणलं. “दुसरी डिस्क कशापायी? पहिलीच काढून मोठी का न्हाई घालायची?”

“पहिलीच्या आत सगळं चालू आहे मामा. ती काढली की पहिल्यापासून सगळं परत बसवायचं. दोन दिवस जातील, आणि त्यात काही बिघडलं तर संपलंच. दुसरी जागा रिकामी आहे, तिथं नवीन घालायची. जुनं जिथं आहे तिथं राहू द्यायचं.”

“म्हंजे चालत्या बोअरला हात लावायचा न्हाई.”

तो माझ्याकडं वळून बघाय लागला. “हां. अगदी तसंच.”

“मग असं बोला की मराठीत.”

दुकानात गेलो. इरफाननं मला लांबनंच वळखलं.

“काका! नाही बसली ना?”

“मोठ्या बॅटरीवाला प्रकार निघाला.”

“आणि पॅकिंग?”

“हळदी-कुंकू झालं.”

इरफाननं डोळं मिटलं आन उघडलं. मग सुजय पुढं झाला. अन् मी आपला काचेला टेकून बघत राहिलो. दोन वर्सं कोपरा धरून बसलेला जावई माझा, हितं कसा बोलत होता! ही कुठल्या खाचेची, ही तापती का, एवढी नको, मधली दाखवा. इरफाननं सगळ्यात वेगाची एक काढली.

“ही घ्या, राजा आहे राजा.”

“नको,” सुजय म्हणला. “हिचा वेग माझ्या लॅपटॉपला पेलणार नाही. तो ह्याच्या निम्म्यानंच चालवेल. मग उगाच कशाला? आणि ही तापते फार. माझ्यात पंख्याची हवा त्या कोपऱ्यात पोचत नाही. ही मधली द्या. जागा मात्र हिच्या दुप्पट असलेली.”

“बरोबर आहे,” इरफान म्हणला. “मीपण तेच सांगणार होतो.”

“मग राजा कशापायी दाखवला?” मी म्हणलं.

“दुकान आहे काका.”

सुजयनं पट्टी उजेडात धरून मला दाखवली. एका टोकाला सोनेरी दातं, अन् दुसऱ्या टोकाला मधोमध अर्धचंद्रासारखी खाच.

“इथं स्क्रू बसतो,” म्हणला.

मी बघतच राहिलो. “आरं तिच्या! अर्धं भोक हाय की हिला!”

इरफान म्हणला, “काकूंनी अख्खं मागितलं होतं.”

आमच्या त्या डबीसाठी इरफाननं एक कव्हर दिलं, वायर लावून बाहेरनं जोडायचं. सुजय म्हणला, जुनी कामं, फोटो, लग्नाचं शूटिंग सगळं तिच्यात टाकतो. “वाण ते वाण,” म्हणला, “परत कशाला करायचं?” कव्हरचं पैसे त्यानं खिशातनं काढले. मी काढू दिले.

परत आलो तवा दिवा लागला होता. वैजूला पाटावर बसवलं. बायकोनं तिच्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला, आन मग ती पट्टी दोन बोटात धरून माझ्याकडं बघितलं.

“हिला कुंकू?”

“नको!” सुजय आन मी एकदमच वराडलो.

वैजू पदर धरून तशीच उठली, सोप्यात आली आन नवऱ्यासमोर बसली. “घ्या,” म्हणली. “वापरायला.” तांदळातनं त्यानं पट्टी उचलली. एक दाणा चिकटला होता, तो फुंकून उडवला. लॅपटॉप उघडला, पट्टी तिरकी धरून खाचेत सारली, हळूच दाबली, स्क्रू पिळला. आमी तिघं डोकी वाकवून बघत होतो. चालू केला. खालचा तांबडा-निळा उजेड आला. सुजयनं काहीतरी दाबलं, पडद्यावर वाचलं, आन मान न हलवता वैजूला म्हणला, “दिसतेय.” ती म्हणली, “मग लाग कामाला.”

रविवार अख्खा तो सोप्यात बसला. बायको चहा ठेवून जायची, गार झालेला उचलून आणायची. मी कुणाला सोप्यात येऊ दिलं न्हाई. शिवमूर्ती येऊन दारात उभा राहिला, आर्केस्ट्रा काय म्हणतोय म्हणून. म्हणलं, तालीम चाललीय, जा. दुपार कलल्यावर सुजयनं मला हाक मारली. पडद्यावर गाव होतं. अख्खं. एक घर कमी न्हाई. देवळाच्या भिंतीवर सांजंचं ऊन पडलेलं. मी म्हणलं, “पाण्याची टाकी कुठाय गावात?” तो म्हणला, “टाकी राहिली.” आन बसून टाकी पण केली गड्यानं. अंधार पडायच्या आत काम हैदराबादला गेलं. मग तो जो झोपला तो दुसऱ्या दिवशी उठवूनच गाडीत घातला.

नोकरी त्याला लागली, त्याला आता बरीच वर्सं झाली. तवापासनं आणखी एक धोंडा होऊन गेला. पण लोकास्नी वाटतं, हैदराबादची लागली. तसं न्हवतं ते, लागली ती दुसऱ्याच कंपनीत.

त्या शनिवारनंतर चार-सहा आठवडे गेले असतील. मी कवठेमहांकाळच्या बाजूला कामावर होतो. बोअर चालू, कंप्रेसर ठणाणा करतोय, तोंडावर फुफाटा. खिशात मोबाईल थरथरला. सुजयचा. त्यानं स्वतः कवा मला फोन केला न्हवता. मी कंप्रेसरवाल्याला हातानं खूण केली, बंद कर. सगळं एकदम शांत झालं. मळ्याचा मालक माझ्याकडं बघाय लागला.

“बोला पाव्हणं.”

“मामा, नाही झालं.”

मी बाजूच्या दगडावर बसलो.

“काय म्हणले?”

“काम आवडलं म्हणाले. पण जागा एकच होती, ती दुसऱ्याला दिली. आत्ताच कळवलं.”

“मग?”

“मग काय. सकाळीच तेच काम बंगलोरला एका ठिकाणी पाठवून ठेवलंय. आणखी दोन ठिकाणी पाठवतोय. म्हटलं तुम्हाला सांगून टाकावं. उगाच वाट बघाल.”

“बरं केलं. जेवलात का?”

“नाही अजून.”

“वैजू काय म्हणती?”

“तिला अजून सांगितलं नाही. ती ऑफिसात आहे. आधी तुम्हालाच केला.”

“आरं गाढवा!” मी उठूनच उभा राहिलो. “आधी बायकोला सांगायचं सोडून मला काय सांगतोस? ठेव फोन! ठेव आधी!”

दोन वर्सं ‘पाव्हणं’, ‘जावईबापू’, ‘तुम्ही-आम्ही’ केलेलं माझं सगळं त्या एका दमात गेलं. बोलून बसल्यावर ध्यानात आलं. पलीकडनं हसल्यासारखा आवाज आला.

“हो मामा. करतो. आत्ता करतो.”

फोन बंद झाला. मग राहवंना म्हणून वैजूला लावला. तिचा फोन दुसऱ्या कॉलवर चालू होता. परत लावला. चालूच.

मोबाईल खिशात टाकला आन कंप्रेसरवाल्याला हात केला.

“हां, सोड.”